ग्रहण, माशी आणि बुबुळ

आपल्या शालेय पुस्तकांत शोध कसे लागतात, आठवतंय? एक शास्त्रज्ञ असतो, एक साल असतं आणि एक वाक्य असतं. 'अमुक यांनी तमुक साली अमक्याचा शोध लावला.' मुलांना हे बरं पडतं, कारण गाळलेल्या जागा भरता येतात. मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि अशा गाळलेल्या जागांचे हजारो पेपर तपासले. पण निवृत्तीनंतर निवांत वाचायला लागले तेव्हा ध्यानात आलं, की बरेचसे शोध या एका वाक्यात मावतच नाहीत. त्यांना जन्मतारीख नसते. चार गावांतली चार माणसं, एकमेकांची ओळखपाळख नसताना, आपापल्या वहीत काहीतरी लिहून ठेवतात आणि कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्या वह्या शेजारी शेजारी मांडतं.

आज अशाच एका शोधाची गोष्ट सांगणार आहे. विषय डोळ्याचा आहे, आणि त्यातही एका फार दुर्मिळ जन्मजात दोषाचा. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे, मराठी माध्यमातून बी. ए. झालेली बाई. पण माझी नात जीवशास्त्र शिकते. ती समजावून सांगत गेली, मी प्रश्न विचारत गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

या दोषाचं नाव ॲनिरिडिया. 'आयरिस' म्हणजे आपलं बुबुळ, डोळ्यातला रंगीत पडदा. ग्रीक पुराणात आयरिस ही इंद्रधनुष्याची देवता. त्या शब्दाला मागे नकार जोडला की झालं ॲनिरिडिया, म्हणजे 'बुबुळ नसणं'. उजेड जास्त असला की बुबुळ आकसून मधली बाहुली लहान करतं आणि अंधारात तिला मोठी होऊ देतं. हे आपल्या नकळत दिवसभर चालू असतं. या मुलांच्या डोळ्यात तो पडदाच नसतो, किंवा कडेला नुसती त्याची किनार असते. साधारण चाळीस हजार ते एक लाख जन्मांमागे एखादं असं मूल जन्मतं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते एका ओळखीच्या घरी. बाळ दोन-अडीच महिन्यांचं होतं. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं होतं, 'डोळे किती काळेभोर आहेत हो!' काळेभोर दिसणारच, कारण रंगीत भाग जवळजवळ नव्हताच, सगळी बाहुलीच होती. अंगणात नेलं की बाळ डोळे घट्ट मिटून घ्यायचं, हे आईच्या लक्षात आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान केलं. मी भेटायला गेले तेव्हा घरात चार बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एक आजी त्या मुलीला म्हणाल्या, 'अगं, दिवस असताना ग्रहण पाळलं होतंस ना नीट? काही चिरलंबिरलं नव्हतंस ना?' ती काही बोलली नाही. खाली मान घालून बाळाच्या दुपट्ट्याची घडी घालत राहिली. सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही सांगितलं होतं हो सगळं.' त्या वाक्यात काय काय होतं ते बायकांना वेगळं सांगायला नको!

'असं काही नसतं हो आजी' एवढं मी म्हटलं. पण मग नेमकं कसं असतं? घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागले आणि जाऊन पोचले थेट १९१५ सालच्या न्यूयॉर्कमध्ये.

तिथल्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन नावाच्या प्राध्यापकाची एक खोली होती. तिला नावच पडलं होतं 'माशांची खोली'. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाश्या दुधाच्या बाटल्यांत पाळायच्या, त्यांची पिल्लावळ वाढवायची आणि भिंगाखाली एकेक माशी न्याहाळून काही वेगळं दिसलं की नोंद करायची, असा तिथला उद्योग. पंखांचा आकार, डोळ्यांचा रंग, अंगावरचे केस, काहीही. आनुवंशिकता गुणसूत्रांवर कशी बसलेली असते ते याच खोलीने जगाला दाखवलं, आणि त्यासाठी मॉर्गन यांना १९३३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. तिथे मिल्ड्रेड होग ही संशोधिका काम करत होती. तिला अशा माश्या सापडल्या, की ज्यांचे डोळे फार लहान होते किंवा मुळी नव्हतेच. हा दोष माशीच्या चौथ्या गुणसूत्रावर आहे हे तिने शोधून काढलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध केलं. जनुकाला नाव पडलं 'आयलेस', म्हणजे 'बिनडोळ्याचं'.

ही त्या मंडळींची नावं ठेवण्याची तऱ्हाच होती. जनुक बिघडल्यावर जे हरवतं त्याचं नाव जनुकाला द्यायचं. म्हणजे जे जनुक डोळा घडवायला लागतं, त्याचंच नाव 'बिनडोळ्याचं'! विचित्र वाटतं, पण आपलंही असंच असतं. घरातला फ्यूज कुठे आहे हे दिवे गेल्याशिवाय कोणाला आठवतं?

बिनडोळ्याच्या माशीचा कुणाला काय उपयोग? त्या वेळी कुणी विचारलं असतं तर होगबाईंनाही सांगता आलं नसतं. नोंद झाली, छापून आली, ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसली.

आता मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं जाऊ द्या. साल १९६४, ठिकाण पुन्हा अमेरिकाच, पण या वेळी माश्या नाहीत, मुलं आहेत.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात एक कर्करोगाची गाठ होते. माक्स विल्म्स या जर्मन शल्यवैद्याने १८९९ मध्ये तिच्यावर मोठा प्रबंध लिहिला, म्हणून ती 'विल्म्स ट्यूमर'. तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये ती जास्त आढळते. रॉबर्ट मिलर हे बालरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करायचे. हिरोशिमात अणुबॉम्बनंतरच्या मुलांची तपासणी करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. या गाठीच्या मुलांमध्ये आणखी काही जन्मजात वेगळेपण असतं का, हे पाहायला त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रुग्णालयांतले जुने कागद काढले. एकूण ४४० मुलांचे. त्यांतल्या सहा मुलांच्या कागदावर लिहिलेलं होतं, की बुबुळ नाही.

सहा म्हणजे काय फार मोठा आकडा नव्हे, असं वाटेल. पण साधा त्रैराशिकाचा हिशेब करू या. पन्नास हजारांत एक असा दोष धरला, तर चारशे चाळीस मुलांचे असे शंभर गट तपासले तरी सगळ्यांत मिळून एखादंच मूल सापडायला हवं. इथे एकाच गटात सहा! हा योगायोग असणं शक्य नव्हतं. डोळा आणि मूत्रपिंड यांचं काहीतरी नातं होतं, आणि ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण डोळ्यांचे डॉक्टर डोळा पाहत होते आणि पोटाचे डॉक्टर पोट.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. या शोधाला ना सूक्ष्मदर्शक लागला, ना प्रयोगशाळा. लागले जुने कागद. ज्या कुणा डॉक्टरांनी मुलाच्या पोटातल्या गाठीसाठी तपासणी करताना 'बुबुळ नाही' अशी एक ओळ लिहून ठेवली होती, त्यांना त्या ओळीचं महत्त्व ठाऊक नव्हतं. पोटाच्या आजाराच्या कागदावर डोळ्याबद्दल कशाला लिहायचं, असं म्हणून त्यांनी ती गाळली असती तर?

नातं आहे हे कळलं, पण का आहे याचं उत्तर मिळायला आणखी काही वर्षं गेली. १९७८ मध्ये व्हिन्सेंट रिकार्डी आणि सहकाऱ्यांनी अशा काही मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा एक तुकडा गायब होता. मला हे नातीने फार छान समजावलं. ती म्हणाली, 'आजी, पुस्तकातली लागून असलेली दोन पानं फाटली तर दोन धडे जातात की नाही? त्या धड्यांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. ते शेजारी होते एवढंच.' डोळ्याचा धडा आणि मूत्रपिंडाचा धडा लागूनच्या पानांवर आहेत. नुसतं डोळ्याचं पान खराब झालं तर डोळ्यावरच निभावतं. दोन्ही फाटली तर मूत्रपिंडालाही धोका. मूत्रपिंडाचं पान, म्हणजे डब्ल्यूटी-१ हे जनुक, १९९० मध्ये सापडलं. डोळ्याचं पान १९९१ मध्ये.

त्या डोळ्याच्या पानाची हकिकतही वाचण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये उंदरांवर काम करणाऱ्यांनी १९६७ साली एक वेगळा उंदीर नोंदवून ठेवला होता. त्याचे डोळे जन्मतः बारीक, म्हणून नाव 'स्मॉल आय'. ही तिसरी वही. या उंदराला बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून मिळालं तर डोळे लहान होतात. दोन्हीकडून मिळालं तर डोळे नाहीत, नाक नाही, आणि पिल्लू जन्मल्यावर जगत नाही. १९९१ च्या डिसेंबरमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकात माणसातलं ॲनिरिडियाचं जनुक ओळखलं होतं, दुसऱ्यात 'स्मॉल आय' उंदराचं. दोन्हींमध्ये एडिंबरोच्या व्हेरोनिका व्हॅन हेनिंगन यांचा हात होता. आणि ते जनुक एकच निघालं. त्याचं आजचं नाव पॅक्स-६.

आता राहिली होगबाईंची माशी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत रिबेका क्विरिंग ही संशोधिका माशीच्या जनुकांवर काम करत होती. तिला माशीत एक जनुक मिळालं, ते पॅक्स-६ शी विलक्षण जुळणारं. ते माशीच्या चौथ्या गुणसूत्रावर कुठे बसतं ते पाहिलं, तर जागा ओळखीची निघाली. एकोणऐंशी वर्षांपूर्वी नोंदवलेलं 'आयलेस'! हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं.

माशीत बिनडोळा, उंदरात लहान डोळा, माणसात बिनबुबुळ. तीन वह्या, तीन नावं, तिन्ही उणिवेची. आणि तिन्हींच्या खाली एकच जनुक.

पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने जे केलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. त्यांनी हे जनुक माशीच्या शरीरात भलत्याच ठिकाणी कामाला लावलं. तर माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर डोळे उगवले! मग त्यांनी उंदराचं पॅक्स-६ माशीत घातलं. तरीही डोळा उगवला, आणि तो उंदराचा नाही, माशीचाच.

मी मास्तरीण, त्यामुळे मला हे शाळेच्या घंटेवरून कळलं. शिपाई घंटा वाजवतो. तो काही धडा शिकवत नाही. घंटा ऐकून पाचवीचा वर्ग पाचवीचं पुस्तक उघडतो आणि दहावीचा दहावीचं. एका शाळेची घंटा दुसऱ्या शाळेत नेऊन वाजवली तरी वर्ग आपापलीच पुस्तकं उघडतील. पॅक्स-६ ही ती घंटा. 'आता डोळा घडवायला घ्या' एवढंच ते सांगतं. पुढचं काम करणारी जनुकं शेकड्यांनी वेगळी. माशी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण घंटा तीच राहिली.

आपल्याकडे या घंटेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ॲनिरिडियात एक प्रत बिघडलेली असते, म्हणून घंटा अर्ध्या आवाजात वाजते. डोळा घडायला सुरुवात होते, पण काही वर्गांना ती नीट ऐकू जात नाही. म्हणूनच 'बुबुळ नसणं' हे नाव तसं अपुरं आहे. बुबुळ हे फक्त वरून दिसणारं. आत दृष्टिपटलावर बारीक अक्षरं वाचण्यासाठी जो मधला बिंदू असतो, तोही पुरता घडलेला नसतो. डोळे सारखे इकडून तिकडे हलत राहतात. पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, पारपटल धुरकट होणं, असं एकेक मागे लागू शकतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कृत्रिम बुबुळाला मान्यता दिली, चांगलीच गोष्ट आहे. पण त्याने पडदा मिळतो, आतला न घडलेला बिंदू मिळत नाही.

आणि आता त्या ग्रहणाच्या प्रश्नाकडे येते.

गर्भात डोळ्याची पहिली खूण उमटते ती गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी. म्हणजे बाईची पाळी जेमतेम आठ दिवस लांबलेली असते. कित्येकींना तोवर दिवस गेलेत हे ठाऊकही नसतं, डोहाळे आणि ग्रहण पाळणं तर दूरच राहिलं. आणि दोष त्याहूनही आधीचा असतो. सुमारे दोन तृतीयांश मुलांत तो आई किंवा वडील यांच्याकडून आलेला असतो आणि अशा पालकाच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, नाणं उडवल्यासारखी. उरलेल्या एक तृतीयांश मुलांत तो घराण्यात पहिल्यांदाच उद्भवतो. पेशी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करताना कुठेतरी चुकते, बस. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, असे नव्याने गळालेले तुकडे तपासले गेले तेव्हा ते बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातले निघाले. आता कोणी बापाला दोष द्यायला जाऊ नका हं! त्या बिचाऱ्याच्या हातातही काही नव्हतं. मुद्दा एवढाच, की इतकी पिढ्यान् पिढ्या ज्या एका माणसाकडे बोट दाखवलं गेलं, त्या आईने विळी हातात घेतली की नाही याच्याशी या सगळ्याचा तिळमात्र संबंध नाही.

ग्रहण पाळावं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण बाळंतिणीला विचारलेला तो प्रश्न श्रद्धेचा नसतो, तो आरोप असतो. तिचं आयुष्य त्या आरोपाखाली जातं. शिवाय आणखी एक नुकसान होतं. दोषाचं कारण घरातच 'सापडलं' की पुढची तपासणी राहून जाते. आणि इथे पुढची तपासणी जीव वाचवणारी असते.

कारण बुबुळ नसलेलं बाळ जन्मलं आणि घराण्यात आधी कुणाला तसं नसलं, तर त्याची जनुकीय तपासणी करून घ्यायला हवी. तीत दोन्ही पानं गेली आहेत की एकच, ते कळतं. दोन्ही गेली असतील तर जवळपास निम्म्या मुलांना विल्म्सची गाठ होण्याचा धोका असतो. अशा मुलाची साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. गाठ लहान असताना सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. आणि दुसरं पान शाबूत असेल तर आईबापांच्या डोक्यावरची टांगती तलवार उतरते, तेही काही कमी नाही.

हे ज्ञान आता फक्त परदेशात राहिलेलं नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या रुग्णांच्या पॅक्स-६ मधले बदल शोधून २००४ मध्ये प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात वैद्यकीय पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांमधले जन्मजात दोष तपासतात. आपल्या अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढं तरी करता येईल.

शिक्षक मंडळी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. वर्गात एखादं मूल उजेडाकडे तोंड करून बसलं की डोळे बारीक करतं, मान तिरकी करून फळा पाहतं, पुस्तक नाकाला लावतं. त्याला आळशी किंवा नाटकी म्हणण्याआधी खिडकीकडे पाठ करून पुढच्या बाकावर बसवा. उन्हातल्या कवायतीला टोपी आणि गडद चष्मा घालू द्या. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत द्या. यांतल्या बऱ्याच मुलांची बुद्धी अगदी व्यवस्थित असते, त्यांना फळा दिसत नसतो इतकंच. आणि पालकांना नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगा, चष्म्याच्या दुकानात नव्हे.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. मला या इतिहासात राहून राहून जाणवतं ते असं, की यात कुणी एक नायक नाही. माशी पाहणाऱ्या होगबाईंना मुलांचे डोळे ठाऊक नव्हते. मिलर जुने कागद चाळत होते तेव्हा त्यांना माशीशी काही कर्तव्य नव्हतं. उंदीरवाल्यांना मूत्रपिंडाशी घेणंदेणं नव्हतं. प्रत्येकाने समोर जे दिसलं ते जसंच्या तसं, तारीख घालून लिहून ठेवलं. आणि रुग्णालयाच्या कागदांवर 'बुबुळ नाही' असं लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांची तर नावंही या गोष्टीत येत नाहीत. आज एखाद्या तीन वर्षांच्या मुलाच्या पोटातली गाठ बोराएवढी असतानाच सापडते, तेव्हा त्या बिननावाच्या माणसांची ती एक ओळ कामाला आलेली असते.

गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात हे बसणार नाही. पण मुलांना कधीतरी सांगायला हवं.